चेंडू उजवीकडेच का वळतो? गोल्फ स्विंगमधील दोष आणि त्यांची मुळे

गोल्फ शिकू लागलेल्या बहुसंख्य खेळाडूंची तक्रार एकच असते. फटका बसल्यासारखा वाटतो, चेंडू सरळ निघतोही; पण थोडे अंतर कापताच तो उजवीकडे झुकू लागतो आणि झाडीत दिसेनासा होतो. गोल्फच्या परिभाषेत या दोषाला 'स्लाइस' म्हणतात. त्यावर उपाय सांगणाऱ्यांची वानवा नसते. 'मान वर करू नका', 'डावा हात ताठ ठेवा', 'सावकाश मारा' असे सल्ले प्रत्येक ड्रायव्हिंग रेंजवर ऐकू येतात. तरीही चेंडू वळायचा थांबत नाही. हे सल्ले खोटे असतात असे नव्हे. ते बहुधा दुसऱ्याच दोषावरचे असतात. ताप कशाने आला आहे हे न पाहता शेजाऱ्याच्या घरातली गोळी घेण्यासारखाच हा प्रकार होय.

मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब किंवा पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान अशी जुनी केंद्रे महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. सिडकोने खारघर येथेही गोल्फचे मैदान उभारले. हा खेळ अनेकजण तिशी-चाळिशी ओलांडल्यावर, दिवसभराचे बैठे काम सांभाळून शिकतात. या वयात अंगवळणी पडलेला चुकीचा स्विंग केवळ गुणपत्रिका बिघडवत नाही. तो कंबर आणि कोपर यांचीही किंमत वसूल करतो. म्हणूनच स्विंगचे दोष कसे ओळखावेत आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करावेत, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. (पुढील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना लागू आहे, डावखुऱ्यांनी दिशा उलट समजाव्यात.)

अर्ध्या मिलिसेकंदाची भेट

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा आणि किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. आघाताची जाणीव हातांपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू क्लबपासून सुटून गेलेला असतो. क्लब खाली येण्याची क्रियादेखील साधारण पाव सेकंदात संपते. त्यामुळे फटका चुकतो आहे असे वाटून वाटेतच तो सुधारण्याची संधी खेळाडूला जवळजवळ नसतेच. जे करायचे ते क्लब हलण्यापूर्वी, किंवा फार तर तो वर नेताना करावे लागते.

खेळाडू कसा उभा होता, त्याने हात किती वर नेले, मान कुठे होती, यांतले काहीच चेंडूला ठाऊक नसते. आघाताच्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा सपाट भाग, कोणत्या दिशेला आहे. क्लब कोणत्या मार्गाने येत आहे. चेंडू फेसच्या नेमक्या कोणत्या भागावर लागला. क्लब किती उताराने येत आहे आणि त्याचा वेग किती आहे, या पाच गोष्टींवरच चेंडूचा प्रवास ठरतो. स्विंगमधल्या प्रत्येक दोषाचा या पाचांपैकी कशावर परिणाम होतो, हे शोधणे म्हणजेच निदान.

याबाबतीत एक गैरसमज दीर्घकाळ शिकवला गेला. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि नंतर फेसच्या दिशेला वळतो, असे अनेक प्रशिक्षक सांगत असत. २००३ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीसारख्या उत्पादकांची रडारवर चालणारी मापनयंत्रे प्रचारात आल्यावर हा समज मागे पडला. चेंडू प्रथम कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेसच ठरवतो. ड्रायव्हरच्या फटक्यात त्याचा वाटा सुमारे ८५ टक्के, तर आयर्नच्या फटक्यात सुमारे ७५ टक्के मानला जातो. नंतरचे वळण मात्र फेस आणि मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. फेस मार्गाच्या उजवीकडे उघडा असेल तर चेंडू उजवीकडे वळतो, डावीकडे मिटलेला असेल तर डावीकडे.

या नियमामुळे खेळाडूला स्वतःच्या दोषाचे निदान यंत्राविनाही बरेचसे करता येते. चेंडू कुठून निघाला हे फेस सांगतो. तो कुठे वळला हे पाहिले की मार्गाचा अंदाज येतो. चेंडू सरळ निघून उजवीकडे वळला तर फेस लक्ष्याकडे होता, पण क्लब बाहेरून आत, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे ओढला गेला. चेंडू उजवीकडे निघून सरळ त्याच दिशेने गेला तर फेस आणि मार्ग दोन्ही उजवीकडे होते. दोन्ही फटके शेवटी उजव्या झाडीतच जातात; पण त्यांची औषधे वेगळी आहेत.

फेसमधला फरक लहान भासला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. चेंडू एका अंशाने भलत्या दिशेला निघाला तर २०० यार्डांवर तो साडेतीन यार्ड बाजूला जातो. पाच अंशांनी निघाला तर साडेसतरा यार्ड. वळणामुळे पडणारी भर निराळीच.

दोष जन्मतो तो उभे राहतानाच

स्विंगमधले बरेचसे दोष क्लब हलण्याआधीच निश्चित झालेले असतात. त्यांतील पहिला पकडीचा. क्लब डाव्या हाताच्या तळव्यात आडवा धरला तर मनगटाची हालचाल अडखळते आणि फेस मिटत नाही. तो बोटांच्या मुळाशी धरावा. वरून पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांचे दोन ते तीन उंचवटे दिसावेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये होणारी खाच उजव्या खांद्याच्या दिशेला असावी. उंचवटा एकच दिसत असेल तर पकड 'कमजोर' आणि चारही दिसत असतील तर ती फार 'भक्कम' समजली जाते. येथे या शब्दांचा बळाशी संबंध नाही. हात क्लबवर किती वळवून ठेवला आहे, एवढेच ते सांगतात. करंगळी कुठे ठेवायची हा तुलनेने गौण प्रश्न होय. हॅरी व्हार्डन यांनी लोकप्रिय केलेल्या पकडीत उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकते. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स यांनी मात्र बोटे एकमेकांत गुंफण्याची पद्धत वापरली. तिघांच्याही पदरी विजेतेपदांची रास आहे.

दुसरा दोष दिशेचा. खेळाडू पाय थेट लक्ष्याकडे रोखतो आणि तेथेच फसतो. रेल्वेच्या रुळांची जोडी डोळ्यांसमोर आणावी. उजव्या रुळावर चेंडू आणि लक्ष्य असते. पाय, गुडघे, कंबर आणि खांदे डाव्या रुळाला समांतर हवेत. जमिनीवर एक क्लब आडवा ठेवून ही जुळणी तपासता येते आणि ती वारंवार तपासावी लागते, कारण डोळ्यांना चुकीच्या दिशेचीही सवय होते.

तिसरी बाब चेंडूच्या जागेची. ड्रायव्हरसाठी तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत, मधल्या आयर्नसाठी मध्याच्या किंचित पुढे आणि वेजसाठी साधारण मध्यावर असावा. चेंडू फार पुढे ठेवला की त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी खांदे आपोआप डावीकडे उघडतात आणि बाहेरून आत येणाऱ्या मार्गाची पायाभरणी होते. शेवटी ठेवण. कमरेतून वाकावे, पाठीतून नव्हे. गुडघे किंचित सैल आणि भार पायाच्या मध्यावर असावा.

स्लाइसचे दुष्टचक्र

स्लाइस बळावतो तो खेळाडूच्या स्वाभाविक शहाणपणामुळे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे क्लबचा मार्ग अधिकच डावीकडे ओढला जातो, फेस आणि मार्ग यांतले अंतर वाढते आणि चेंडू पूर्वीपेक्षा जास्त वळतो. मग तो आणखी डावीकडे वळतो. उपाय म्हणून जे केले, तेच रोगाला खतपाणी घालते.

या चक्रातून सुटण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पकड पाहावी आणि ती कमजोर असल्यास दोन्ही हात किंचित उजवीकडे वळवावेत. सुरुवातीला चेंडू डावीकडे जाऊ लागतो आणि पकड अवघडल्यासारखी वाटते. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वास्तविक चेंडू डावीकडे जाणे ही सुधारणेची खूण असते. फेस मिटू लागला आहे आणि आता मार्ग दुरुस्त करायची वेळ आली आहे, असा तिचा अर्थ होय. त्यानंतर पाय व खांदे समांतर करावेत आणि चेंडू फार पुढे असल्यास मागे घ्यावा.

मार्गाचा दोष बहुधा वरून खाली येण्याच्या सुरुवातीलाच होतो. खांदे आणि उजवा हात आधी झेपावतात आणि क्लब बाहेर फेकला जातो. योग्य क्रमात भार डाव्या पायावर सरकतो, कंबर वळू लागते आणि हात त्यांच्यामागून येतात. हा क्रम अंगी बाणवण्यासाठी चेंडूच्या उजव्या बाजूला, क्लब सुखरूप जाईल इतक्या अंतरावर, एखादा रिकामा खोका ठेवावा. क्लब बाहेरून आला की खोक्याला लागतो. अर्ध्या स्विंगने आणि निम्म्या वेगाने हा सराव करावा. पूर्ण ताकदीने केल्यास जुनीच सवय डोके वर काढते.

ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासावी. चेंडू फेसच्या मध्यावर न लागता दांड्याच्या बाजूला लागला, तरी तो उजवीकडे वळतो. टोकाच्या बाजूला लागला तर डावीकडे. अशा वेळी स्विंग निर्दोष असूनही चेंडू वळू शकतो. फेसवर थोडी टाल्कम पावडर पसरून मारल्यास ठसा उमटतो आणि शंका मिटते. ही तपासणी सर्वांत स्वस्त, पण सर्वांत कमी केली जाणारी आहे.

हुक आणि बेन हॉगन यांचा धडा

चेंडू जोरात डावीकडे वळणे म्हणजे 'हुक'. हा दोष बहुधा थोड्या अनुभवी खेळाडूंना जडतो. पकड फार भक्कम असणे, क्लब अतिरेकाने आतून बाहेर येणे किंवा शरीराचे वळणे थांबून हातांनीच फेस मिटवणे, ही त्याची मुख्य कारणे. अमेरिकेचे महान खेळाडू बेन हॉगन कारकिर्दीच्या पूर्वार्धात याच दोषाने हैराण झाले होते. त्यांनी पकड डावीकडे वळवून कमजोर केली आणि वर नेताना डाव्या मनगटाची ठेवण बदलून फेस लवकर मिटणार नाही अशी व्यवस्था केली. १९५७ मध्ये त्यांचे 'फाइव्ह लेसन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वाचले गेले. परंतु त्यातील पकड हुकने ग्रासलेल्या माणसाने स्वतःसाठी शोधलेली होती. स्लाइस करणाऱ्या हौशी खेळाडूने ती जशीच्या तशी उचलली तर त्याचा स्लाइस वाढतो. एका महान खेळाडूचा रास्त सल्लाही दुसऱ्याच्या दोषाला अपायकारक ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

'मान खाली ठेवा'ची गोष्ट

चेंडूआधी जमिनीला मारणे आणि चेंडूच्या माथ्यावर क्लबची कड बसणे, हे दोन दोष दिसायला परस्परविरुद्ध असले तरी अनेकदा एकाच मुळातून येतात. क्लबचे डोके एका कमानीत फिरते. आयर्नच्या फटक्यात या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या किंचित पुढे असावा लागतो. म्हणूनच व्यावसायिक खेळाडूंनी उडवलेली माती चेंडूच्या जागेपुढची असते. हौशी खेळाडू चेंडू हवेत 'उचलण्यासाठी' मागे झुकतो. भार उजव्या पायावर राहतो, खालचा बिंदू चेंडूमागे सरकतो आणि क्लब एक तर आधी जमिनीत रुततो, नाही तर वर येताना चेंडूच्या मध्यावर आदळतो. चेंडू उचलण्याचे काम क्लबचे आहे. सात क्रमांकाच्या आयर्नचा फेस मुळातच तिसेक अंशांनी मागे कललेला असतो. त्याने खाली उतरत मारले की चेंडू वर जातोच. ड्रायव्हरचे गणित मात्र उलटे आहे. चेंडू टीवर असल्याने तेथे क्लब किंचित वर येताना लागणे लाभाचे ठरते.

असा फटका बसला की 'मान वर केलीत' हा शेरा हमखास मिळतो. प्रत्यक्षात मान स्वतःहून क्वचितच वर येते. कंबर चेंडूकडे ढकलली गेल्याने किंवा गुडघे अवेळी ताठ झाल्याने सारे शरीरच उठते आणि मान त्याच्यासोबत जाते. मान बळेच खाली दाबून धरली तर खांद्यांचे वळणे अडते आणि पाठीवर ताण येतो. स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टॅम आणि अमेरिकेचे डेव्हिड डुव्हाल यांचे डोके आघाताच्या वेळीच लक्ष्याकडे वळू लागलेले दिसे. तरीही दोघे जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचले.

यावर साधा सराव असा. हिरवळीवर एक रेघ आखावी आणि चेंडू न ठेवता क्लब रेघेच्या पुढेच जमिनीला लागेल असा प्रयत्न करावा. शहरातील रेंजवर चटईवरून खेळताना विशेष सावध राहावे. क्लब चेंडूआधी आदळला तरी चटईवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. पावसाळ्यातल्या ओल्या मैदानावर तोच फटका चिखलात रुततो. चटईवर चेंडूमागे वीतभर अंतरावर घडी केलेला रुमाल ठेवल्यास ही फसवणूक उघडी पडते.

चेंडू फेसऐवजी क्लबच्या दांड्याजवळच्या गोल भागाला लागून काटकोनात उजवीकडे जाणे, हा 'शँक' सर्वांत धडकी भरवणारा दोष. फटक्याच्या वेळी भार पायाच्या चवड्यांवर जाणे किंवा कंबर पुढे सरकणे हे त्याचे नेहमीचे कारण. घाबरून चेंडूपासून फार लांब उभे राहिल्यास भार आणखी पुढे जातो आणि दोष बळावतो.

लय आणि कंबर

'सावकाश मारा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. नामवंत खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब वर नेण्यास लागणारा वेळ आणि तो चेंडूपर्यंत आणण्यास लागणारा वेळ यांचे प्रमाण साधारण तीनास एक असल्याचे आढळले आहे. कोणी झटपट मारतो, कोणी निवांत. प्रमाण मात्र फारसे हलत नाही. हौशी खेळाडू अनेकदा क्लब फारच हळू वर नेतो आणि मग एकदम झडप घालतो. त्याला सावकाशपणापेक्षा सलगपणाची गरज असते.

स्विंगच्या वेळी कण्याचा खालचा भाग एकाच वेळी पिळला जातो, एका बाजूला वाकतो आणि दाबला जातो. हौशी खेळाडूंमध्ये कंबरदुखी ही सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे, ती यामुळेच. दिवसभर खुर्चीत बसल्याने नितंबाचे सांधे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असेल, तर वळण्याचा सारा भार कमरेवर येतो. वर नेताना धड लक्ष्याकडे कलणे हा दोष विशेष घातक. टायगर वूड्स यांना एप्रिल २०१७ मध्ये मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली. हौशी खेळाडूंनी किमान दहा मिनिटे अंग मोकळे करावे, पहिले फटके वेजने अर्ध्या स्विंगचे मारावेत आणि वेदना पायात उतरू लागल्यास खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. कोपराच्या आतल्या बाजूची दुखणीही क्लब आवळून धरल्याने आणि चटईवर वारंवार आदळल्याने वाढतात.

आदर्श स्विंग एकच नाही

दोष सुधारणे म्हणजे सर्वांचा स्विंग एका साच्यात ओतणे नव्हे. अमेरिकेच्या जिम फ्युरिक यांचा क्लब वर जाताना आणि खाली येताना विचित्र वळसा घेतो. त्यांनी २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांची फेरी नोंदवली. जीव मिल्खा सिंग यांचा स्विंगही रूढ पद्धतीत न बसणारा. त्यांनी २००६ मध्ये व्होल्व्हो मास्टर्स पटकावली. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम तर हात उलटे ठेवून, म्हणजे डावा हात उजव्याच्या खाली धरून खेळत. त्यांनी १९५९ मध्ये डच ओपन आणि वर्णभेदाच्या काळात, १९६३ मध्ये, नाताळ ओपन जिंकली. या सर्वांचा फेस आणि मार्ग आघाताच्या क्षणी वारंवार एकाच ठिकाणी येत असे, एवढेच त्यांच्यात समान होते. लांब फटका हीदेखील यशाची एकमेव वाट नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली चौथे स्थान मिळवणारी अदिती अशोक लांब अंतरासाठी नव्हे, तर पटिंगसाठी ओळखली जाते.

म्हणून सरावाला जाताना एकच दोष हाती घ्यावा. दहा चेंडू मारून ते कुठून निघाले, कुठे वळले आणि फेसवर कुठे लागले, याची नोंद करावी. मग पकड, दिशा, चेंडूची जागा आणि ठेवण या चार गोष्टी तपासाव्यात. त्या बिनचूक असतील तरच स्विंगला हात लावावा. बाजूने आणि समोरून मोबाइलवर केलेले चित्रण येथे उपयोगी पडते, कारण शरीराला जे वाटते आणि शरीर जे करते यांत बरेच अंतर असते. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर प्रशिक्षकाकडे जावे आणि सल्ला मिळाल्यावर 'हा कोणत्या दोषावर?' असे अवश्य विचारावे. अठरा प्रमुख स्पर्धा जिंकणारे जॅक निकलॉस प्रत्येक हंगामाच्या प्रारंभी आपले गुरू जॅक ग्राउट यांच्याकडे जात आणि अगदी नवख्याप्रमाणे पकड आणि उभे राहण्यापासून उजळणी करीत. त्यांना जे कमीपणाचे वाटले नाही, ते रविवारच्या खेळाडूनेही वाटून घेण्याचे कारण नाही.